खाऱ्या मातीवरचे गोडे पाणी

दर्यापूर, अकोट, तेल्हारा या भागात विहीर खणली तर पाणी लागते. अडचण असते ती लागलेले पाणी तोंडात घेण्याची. ते खारे असते. त्यात डाळ नीट शिजत नाही, आणि वावराला देत राहिले तर काळी माती घट्ट होत जाते, तिच्यातून पाणी झिरपेनासे होते. पूर्णा नदीच्या दोन्ही अंगांना, अमरावती, अकोला आणि बुलडाणा या तीन जिल्ह्यांत मिळून सुमारे 4700 चौरस किलोमीटर जमीन अशी आहे. वऱ्हाडात तिला खारपाण पट्टा म्हणतात. समुद्र इथून चारशे किलोमीटरांहून दूर, तरी पायाखाली मीठ.

हे मीठ इथे अडकले कसे, ते सातपुड्यातल्या चिखलदऱ्याच्या कड्यावरून दक्षिणेकडे पाहिले की कळू लागते. गाविलगडचा डोंगर उतरत नाही, तो तुटतो. खाली एकदम सपाट मैदान सुरू होते आणि पार अजिंठ्याच्या डोंगररांगेपर्यंत जाते. सातपुड्याच्या पायथ्याशी भूगर्भात मोठा भ्रंश आहे, म्हणजे खडकाची लांबलचक भेग, आणि तिच्या दक्षिणेची जमीन खाली खचलेली आहे. त्या खचलेल्या लांबट द्रोणात नद्यांनी लाखो वर्षे गाळ आणून ओतला. काही ठिकाणी हा गाळ 300 मीटरांहून जाड आहे. गाळ बारीक, चिकण, उतार नावाला. आत शिरलेले पाणी सहजी बाहेर पडत नाही. वऱ्हाडचा उन्हाळा ते वर ओढून घेतो आणि क्षार मागे ठेवतो. पुढच्या पावसाळ्यात नवे पाणी, पुढच्या उन्हाळ्यात नवे क्षार.

म्हणून इथल्या माणसासाठी गोडे पाणी दोनच ठिकाणी असते. एक आभाळात, दुसरे सातपुड्यावर. गंमत अशी, की वऱ्हाडातले देव, संत, व्रते आणि यात्रा याच दोन दिशांकडे तोंड करून उभ्या आहेत. धर्म आणि पर्यावरण असा विषय निघाला की आपल्याकडे लगेच तुळस, वड, देवराई यांची नावे घेतली जातात. इथे मला वेगळेच दिसते. इथे धर्मांनी निसर्गाला जपले की नाही हा प्रश्न नंतरचा. आधी निसर्गाने, त्यातही पाण्याने, धर्मांना आकार दिलेला आहे.

आभाळापासून सुरुवात करू. बुलडाणा जिल्ह्यात, जळगाव जामोद तालुक्यात भेंडवळ नावाचे गाव आहे. अक्षय्य तृतीयेच्या संध्याकाळी तिथल्या वावरात घटमांडणी होते. चंद्रभान महाराज वाघ यांनी ती तीनशेहून अधिक वर्षांपूर्वी सुरू केली असे मानतात, आणि आजही वाघ घराण्यातलीच माणसे ती मांडतात. जमिनीवर एक गोल आखतात. मध्ये खड्डा, त्यात चार ढेकळे. ही जून ते सप्टेंबरचे चार महिने. ढेकळांवर पाण्याची घागर. घागरीवर आणि भोवती पापड, कुरडई, पुरी, करंजी, भजे, वडा; पुरी म्हणजे पृथ्वी, पानविडा म्हणजे राजाची गादी. गोलाच्या कडेने अठरा धान्ये. रात्रभर तिथे कुणी फिरकत नाही. पहाटे जाऊन पाहायचे: कुठले ढेकूळ किती भिजले, कुठल्या धान्याचे दाणे जागेवर आहेत, कुठले विखुरले. त्यावरून पाऊस, पीक आणि भाव सांगितले जातात. ते ऐकायला सकाळी शेतकऱ्यांची झुंबड उडते.

भाकीत म्हणून मी या मांडणीला एकही गुण देणार नाही. ढेकूळ भिजणे आणि अरबी समुद्रावरून येणारे वारे यांचा काही संबंध नाही, आणि रात्रीतून दाणे हलवायला मुंग्या, किडे, वारा पुरेसे आहेत. पण भाकीत बाजूला ठेवून त्या अठरा धान्यांची यादी नुसती वाचून पाहावी. गहू, ज्वारी, बाजरी, तांदूळ, तूर, मूग, उडीद, मठ, हरभरा, वाटाणा, मसूर, लाख, तीळ, जवस, करडी, अंबाडी, सरकी, भादली. कोरडवाहू वऱ्हाडाची ही शेतीच आहे, एका गोलात बसवलेली. खरीप आहे, रब्बी आहे. जमिनीत नत्र धरणारी कडधान्ये आहेत, तेलबिया आहेत, धाग्याचे आणि ढोरांच्या सरकीचे पीक आहे. पाऊस उशिरा आला तरी यातले काहीतरी हाती लागेल अशी ती जुळणी आहे. शिवाय प्रत्येक दाण्याला अर्थ जोडलेला: भादली म्हणजे रोगराई, मसूर म्हणजे परचक्र, अंबाडी म्हणजे दैवत, करडी म्हणजे संरक्षण. लाखेच्या डाळीवर महाराष्ट्रात कित्येक दशके विक्रीबंदी होती; गोलातली तिची जागा कुणी काढून घेतली नाही.

आणि आज वऱ्हाडच्या वावरांत ज्याने सर्वांत जास्त पसारा मांडला आहे, ते सोयाबीन या अठरांत नाही. ते इथे गेल्या तीन-चार दशकांतले. म्हणजे एका वावरात, वर्षातून एक रात्र, शंभर वर्षांपूर्वीची पीकपद्धती जशीच्या तशी मांडली जाते. आसपासच्या तालुक्यांत भादली आणि जवस आता कुणी पेरत असेल तर थोडेच. बीज-बँका उभारणाऱ्यांनी अक्षय्य तृतीयेला भेंडवळला एक फेरी मारावी, एवढे मात्र वाटते.

भेंडवळहून पूर्णेच्या वरच्या अंगाला आले की अकोला-अकोट रस्त्यावर गांधीग्राम लागते.  श्रावणातल्या शेवटच्या सोमवारी तिथे पूर्णेच्या काठावर पाय ठेवायला जागा नसते. अकोल्याचे ग्रामदैवत राजराजेश्वर. त्याच्या अभिषेकाचे पाणी इथून, सुमारे अठरा किलोमीटरांवरून, कावडीने जाते. अनवाणी, रात्रभर चालत, खांदे बदलत. मंडळामंडळांच्या पालख्या आणि भरणे असतात. साध्या कावडीला दोन घागरी पुरतात, भरण्यांत त्या शेकड्यांनी बांधलेल्या असतात. 1944 साली पाऊस रुसला होता, तेव्हा गावकऱ्यांनी पूर्णेचे पाणी आणून राजेश्वराला घातले आणि तिथून ही प्रथा पडली, असे अकोल्यात सांगतात.

आता या वाटेचा भूगोल पाहा. कावडवाले चालतात ती जमीन बव्हंशी खारपाणाची. त्यांच्या अनवाणी पायांखाली पाणी आहेच, भरपूर आहे, पण देवाला घालण्यासारखे नाही. खांद्यावर आहे ते बरेचसे सातपुड्यावर पडलेल्या पावसाचे, कारण श्रावणात पूर्णा त्याच पाण्याने भरलेली असते. खाऱ्या पाण्याच्या एका विस्तीर्ण थरावरून हजारो माणसे गोडे पाणी वाहून नेत आहेत. विधीमागची श्रद्धा ज्याची त्याची. मला तरी त्यात या प्रदेशाचा जलशास्त्राचा धडा वर्षातून एकदा पायांनी गिरवलेला दिसतो.

याच विधीत एक टोचणारी गोष्टही आहे. राजेश्वराचे मंदिर अकोल्याच्या जुन्या शहरात आहे आणि जुने शहर मोर्णा नदीच्या काठी. देवाच्या दारात नदी असताना पाणी अठरा किलोमीटरांवरून येते. मोर्णेत शहराचे सांडपाणी उतरते. सांडपाण्यातल्या नत्र-स्फुरदावर पोसली गेलेली जलपर्णी पात्र झाकून टाकते. 2018च्या जानेवारीत अकोल्यात मोठी लोकमोहीम झाली, शहर नदीत उतरले, जलपर्णी उपसून काढली, पंतप्रधानांनी ‘मन की बात’मध्ये तिची दखल घेतली. पण जलपर्णी हा रोग नाही, ताप आहे. खाली अन्न मिळत राहिले की एका रोपाची पुन्हा शेकडो होतात, आणि तशी ती झालीही. मोर्णा पुढे पूर्णेलाच मिळते. म्हणजे गांधीग्रामहून खांद्यावर आलेले पवित्र पाणी पिंडीवरून ओघळून जे निघते, त्याची परतीची वाट त्या गटारलेल्या नदीतूनच जाते. लांबच्या पाण्याला पावित्र्य आणि जवळच्या पाण्याला सांडपाणी, ही विभागणी एकट्या अकोल्याची नाही. 

वऱ्हाडात या विभागणीवर नेमके बोट ठेवणारा एक माणूस होऊन गेला, आणि तो पूर्णेच्याच काठचा. डेबूजी झिंगराजी जानोरकर, म्हणजे गाडगेबाबा. जन्म 23 फेब्रुवारी 1876, अंजनगाव सुर्जी तालुक्यातले शेंडगाव. बालपण मामाकडे, मूर्तिजापूरजवळच्या दापुऱ्याला. भातकुली तालुक्यात पूर्णेवर ऋणमोचन आहे. तिथे पौषात यात्रा भरते, लोक नदीत स्नान करतात. पूर्णेचा काठ म्हणजे लोण्यासारखा चिकण गाळ. भाविक घसरत, पडत. बाबा तिथे गेले आणि देवळात न जाता काठाच्या कामाला लागले. पुढे तिथे घाट झाला. गावोगावी त्यांची रीत ठरलेली होती: आधी खराटा, मग कीर्तन. कीर्तनात नवसाच्या बोकडांवर आणि कर्ज काढून केलेल्या सणांवर कोरडे. देवाला फूल वाहण्यापेक्षा ओटा झाडण्यात त्यांचा धर्म होता. त्यांच्या नावाने राज्यात 2000-01पासून ग्रामस्वच्छता अभियान चालले, अमरावतीच्या विद्यापीठाला त्यांचे नाव आहे. पर्यावरण हा शब्द त्यांच्या तोंडी कधी आला नसेल. पण नदीकडे तीर्थ म्हणून न पाहता काठ म्हणून पाहणे, ही दृष्टी आजच्या नदीस्वच्छतेच्या पुष्कळ घोषणांपेक्षा पुढची आहे.

पावसाकडे पुन्हा वळू, कारण एक विलक्षण गोष्ट राहिली. या प्रदेशात वर्षभराच्या पावसाचे पाचातले चार हिस्से जून ते सप्टेंबरात पडतात. उरलेले आठ महिने जमीन जवळजवळ निजलेली असते. मग पहिल्या दोन-तीन सरींत सगळे एकदम उठते: वाळवी पंख लावून उडते, मृगाचे मखमली किडे बाहेर पडतात, बेडूक, गोगलगायी, अंकुर, अंडी. पाय टाकावा तिथे जीव. नेमक्या याच चार महिन्यांत भारतातल्या भिक्षूंनी पाय आवरून घेतले.

बौद्धांच्या विनयपिटकात याचे कारण सांगितले आहे, आणि ते अगदी शेतकऱ्याचे आहे. भिक्षू पावसाळ्यातही फिरत, कोवळे गवत आणि पिके तुडवत, बारीक जीव मारत. लोक कुरकुरले की पक्षीदेखील या दिवसांत घरटे धरून बसतात. तेव्हा बुद्धांनी वर्षावास घालून दिला. जैन साधूंनीही चातुर्मासात एका जागी थांबायचे, आणि त्यांचा विचार तर आणखी पुढे गेला. त्यांच्या मते पाण्यातले जीव वेगळेच, खुद्द पाणी आणि मातीही सजीव. या विचारसरणीचे एक मोठे तीर्थ परतवाड्याच्या उत्तरेला, मध्य प्रदेशाच्या हद्दीत लागते: मुक्तागिरी. सातपुड्याच्या कुशीत 52 मंदिरे आणि मधोमध धबधबा.

वर्षावासाचे आजचे रूप पाहायचे तर अकोला-अमरावतीच्या खेड्यांत आषाढी पौर्णिमेनंतर संध्याकाळी बुद्धविहारात जावे. 1956च्या धम्मदीक्षेनंतर इथली गावेच्या गावे बौद्ध झाली. आश्विनी पौर्णिमेपर्यंत तीन महिने विहारात ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या बाबासाहेब आंबेडकरांच्या ग्रंथाचे वाचन चालते. निंदण-डवरणीवरून परतलेली माणसे हातपाय धुऊन येऊन बसतात. अडीच हजार वर्षांपूर्वी पिके तुडवली जाऊ नयेत म्हणून थांबलेल्या भिक्षूंचा नियम, आणि तो पाळणारे आज स्वतः पिकात राबणारे.

जिवांची हीच काळजी वऱ्हाडातल्या आणखी एका पंथात दिसते. मोर्शी तालुक्यातले रिद्धपूर ही महानुभाव पंथाची काशी. म्हाइंभटांनी तेराव्या शतकाच्या अखेरीस लीळाचरित्र इथेच सिद्ध केले. मराठीतला हा पहिला मोठा गद्य ग्रंथ. त्यात चक्रधरस्वामींची एक लीळा आहे. पारध्यांनी उठवलेला ससा धावत येऊन स्वामींच्या मांडीखाली शिरतो. पारधी मागतात, स्वामी देत नाहीत. त्याचे मरण त्यांच्यासाठी एक पैज, त्याच्यासाठी मात्र सगळेच, अशा धाटणीचा तो संवाद चालतो आणि पारधी शिकार सोडून देतात. मला त्यातला ससा आवडतो. तो कुठल्या तत्त्वज्ञानाने आला नाही. मैदानात आडोसा नव्हता, एक मांडी दिसली, तो शिरला. महानुभाव साधूंनी भटकत राहावे, गावाबाहेर झाडाखाली मुक्काम करावा असा दंडक होता. झाडाखाली राहणाऱ्याकडे ससा येणारच.

पाऊस लांबला की मात्र सगळे पंथ एकाच मैदानात येतात. पोरे अंगाला कडुनिंबाच्या डहाळ्या बांधून धोंडी-धोंडी करत दारोदार पाणी अंगावर घेतात. कुठे महादेवाचा गाभारा पाण्याने भरतात. मुसलमान उघड्या मैदानावर इस्तिस्काची नमाज पढतात. तीत इमाम अंगावरची चादर उलटी करून पांघरतो. आहे ती स्थिती पालटू दे, असे ते अंगावरच्या कापडानेच मागणे. इतकी नेमकी कृती मला दुसऱ्या कुठल्या प्रार्थनेत आढळलेली नाही.

जगात धर्म आणि पर्यावरण या विषयाला तोंड फुटले ते 1967 साली. लिन व्हाइट नावाच्या अमेरिकन इतिहासकाराने ‘सायन्स’ नियतकालिकात लिहिले, की निसर्ग माणसाच्या वापरासाठीच आहे या पाश्चात्त्य ख्रिस्ती समजुतीत पर्यावरण-संकटाची मुळे आहेत. मोठा गदारोळ झाला. त्यानेच संत फ्रान्सिसला पर्यावरणाचा पालक-संत मानावे असे सुचवले होते. 1979मध्ये पोपने ते खरे केले. 1986मध्ये फ्रान्सिसच्या असिसी गावात पाच धर्मांचे प्रतिनिधी निसर्गसंरक्षणासाठी एकत्र जमले. तेव्हापासून परिषदा, जाहीरनामे, ग्रंथमाला यांची रांग लागली आहे. या चर्चेत एक गृहीत असते: धर्मग्रंथ काय म्हणतो ते शोधा, म्हणजे माणसे निसर्गाशी कशी वागतील ते कळेल. वऱ्हाडात हे उलटे पडते. गंगेचे माहात्म्य सांगणारा ग्रंथ हाताशी असताना मोर्णा गटार होते, आणि ज्यांच्याकडे कुठलाच ग्रंथ नाही ते वाघाला नातेवाईक मानतात.

ते लोक म्हणजे मेळघाटातले कोरकू. त्यांची भाषा मराठीच्या किंवा हिंदीच्या कुळातली नाही. संथाळी-मुंडारीच्या कुळातली, थेट ख्मेर आणि व्हिएतनामीशी दूरचे नाते सांगणारी, आणि त्या कुळाचे भारतातले पश्चिम टोक हेच. रानातल्या वाघाला ते कुलामामा म्हणतात. मामाला हाकलत नाहीत, त्याचा वाटा ठेवतात. गावचा देव मुठवा, म्हणजे झाडाखाली मांडलेले दगड. त्याची पूजा करायला भुमका. मेलेल्यांसाठी सागाच्या लाकडावर सूर्य-चंद्र आणि घोडेस्वार कोरून खांब रोवतात. देव, पूर्वज, वाघ, सगळे ठरलेल्या जागी, आणि ती जागा म्हणजेच गाव.

1973-74मध्ये देशातले पहिले नऊ व्याघ्र प्रकल्प जाहीर झाले, त्यात मेळघाट होता. या शतकाच्या सुरुवातीला बोरी, कोहा, कुंड ही गावे गाभ्यातून उठवून खाली मैदानात वसवली गेली, पुढे आणखी. वाघासाठी हे बरे झाले यात शंका नको. पण मुठव्याचे दगड ट्रॉलीत घालून नेता येतात की नाही, याचे उत्तर पुनर्वसनाच्या कुठल्या अर्जात लिहिणार?

आणि आता पाण्याचा हिशेब पुरा करू. वान नदी मेळघाटच्या डोंगरांत उगम पावते. वारीजवळ तिच्यावर धरण आहे आणि त्यातून अकोट-तेल्हाऱ्याकडच्या 84 खेड्यांना पिण्याचे पाणी जाते. शहानूरचे पाणी असेच अंजनगाव-दर्यापूरकडे. ही बव्हंशी तीच गावे, जिथे विहीर खणली तर खारे पाणी लागते. तिथे नळाला जे गोडे पाणी येते, ते कुलामामाच्या रानाने अडवून, झिरपवून, सावकाश सोडलेले असते. डोंगर उघडा पडला तर गाळ धरणात येईल आणि पाणी पावसाळ्यातच वाहून जाईल. खालचा शेतकरी राजेश्वराला मानतो, विठ्ठलाला, बुद्धाला, अल्लाला. त्याचा माठ मात्र मुठव्याच्या हद्दीतून भरतो.

श्रद्धेने जंगल टिकते का? एकट्या श्रद्धेने नाही, असे माझे मत झाले आहे, आणि त्याला आधार अचलपूर तालुक्यातल्या पायविहीर या छोट्या कोरकू वस्तीचा. देव होते, भुमका होता, तरी गावामागचा डोंगर बोडका झालाच होता, कारण तो कागदोपत्री गावाचा नव्हता. 2006च्या वनहक्क कायद्याखाली 2012मध्ये गावाला सामूहिक हक्क मिळाला. मग चराई आणि कुऱ्हाडीवर गावाने आपणच बंदी घातली, चर खोदले, रोपे लावली. 2014मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचा जैवविविधता पुरस्कार पायविहीरला मिळाला. त्या डोंगरावरची सीताफळे आता पेट्यांत भरून शहरांत विकायला जातात, आणि त्यांचा भाव ग्रामसभेत ठरतो.